पाचटाची गव्हाण

धारूरच्या परिसरात डिसेंबर हा निम्म्या गावाचा महिना असतो. दसरा-दिवाळी आटोपते न आटोपते तोच मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. ज्यांनी उचल घेतली आहे, ती जोडपी भांडीकुंडी, गोधड्या आणि तान्ही लेकरे घेऊन त्यांत चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील अथवा कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे, शाळेसाठी आजीजवळ ठेवलेली मुले आणि कुलुपे. आमचा आगमनकाळ या कुलपांच्या सोबतीने सुरू होतो. ख्रिस्ती घरे मुळातच थोडी. त्यांतलीही काही फडावर गेलेली.

अशा दिवसांत नाताळच्या सजावटीसाठी वेगळा पैसा काढणे कठीणच. तालुक्याच्या बाजारात प्लॅस्टिकचे हिरवेगार झाड मिळते, चंदेरी झिरमिळ्या मिळतात, कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज तर हटकून मिळतो. मुलांचे डोळे तिकडे वळतात यात नवल नाही. परंतु तीन-चार वर्षांमागे आम्ही घरात ठरवले, की शिवारात जे आहे त्यातूनच सण उभा करायचा आणि खर्च शंभर रुपयांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सुतळी, चुना आणि चार पणत्या एवढीच खरेदी.

प्रथम झाड. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी पऱ्हाटी उभी राहते, तिच्यासारखे नाताळचे झाड मी अन्यत्र पाहिले नाही. भुऱ्या-तपकिरी फांद्या आणि त्यांच्या टोकांना उमललेली रिकामी बोंडे. कापूस निघून गेला की बोंडाच्या चार किंवा पाच टणक पाकळ्या पसरलेल्या राहतात. दुरून पाहावे तर लाकडात कोरलेली चांदणीच. एक खबरदारी मात्र घ्यावी. गुलाबी बोंडअळी अशा वाळल्या पऱ्हाटीत आणि किडक्या बोंडांत दडून राहते. २०१७ साली तिने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे काय केले, हे आम्हांला कोणी सांगायला नको. म्हणून अर्धवट उमललेली, आतून काळी पडलेली बोंडे तोडून जाळावीत, उरलेली पऱ्हाटी कडक उन्हात वाळवावी आणि सण सरताच तीही चुलीत घालावी.

चांदणीसाठी तुराट्या. सारख्या लांबीच्या पाच तुराट्या घ्याव्यात आणि पाटीवर मूल हात न उचलता चांदणी काढते तशा एकमेकींवर मांडून पाचही टोके व पाचही छेद सुतळीने आवळावेत. अशा दोन चांदण्या टोकाला टोक बांधून मध्ये वीतभर काड्यांचे टेकू दिले, की पोटाला फुगवटा येतो. वरून कोऱ्या मांजरपाटाचे किंवा जुन्या धोतराचे कापड ताणून शिवावे. आत विजेचा लहान दिवा सोडला की त्या कापडातून जो मधासारखा उजेड झिरपतो, त्यापुढे बाजारातील लखलखाट मला तरी उथळ वाटतो. हे माझे मत. आमच्या धाकट्याला ते अजून मान्य नाही.

माळांना सीताफळाच्या बिया. बालाघाटाच्या या डोंगरांत आणि किश्वरखानाने सोळाव्या शतकात बांधलेल्या आमच्या किल्ल्याच्या आसपास सीताफळी माजलेल्या असतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हंगामात थुंकून टाकलेल्या काळ्या चकचकीत बिया धुऊन ठेवल्या, की ज्वारीच्या चिपाडाच्या पांढऱ्या भेंडासोबत त्या सुंदर ओवल्या जातात. बी फोडू मात्र नये. तिची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते. भोक मोठ्या माणसानेच पाडावे आणि हात स्वच्छ धुवावेत.

आता गव्हाण. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या खेड्यात ख्रिस्तजयंतीच्या रात्री खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून बेथलेहेमचा देखावा मांडला. संत लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे; बैल आणि गाढव नाहीत. ते आले यशया प्रवक्त्याच्या पहिल्या अध्यायातून, जेथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखते असे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचोला गेले आणि घरोघरी गव्हाण मांडण्याची रीत टिकवा, असे सांगणाऱ्या पत्रावर त्यांनी तेथे सही केली. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या मेजावरील चादरीखाली मूठभर गवत पसरतात, तेही या गव्हाणीच्याच स्मरणार्थ.

आमचा बैल पोळ्याचा. पोळ्याला पुजलेली मातीची जोडी फळीवर असतेच, त्यातला एक बेथलेहेमला पाठवतो. गाढव आणि मेंढरे घरी घडवावी लागतात. येथील काळी माती वाळताना तडकते, म्हणून ती चाळून तिच्यात शेण आणि बारीक भुसा मळावा व मूर्ती सावलीत वाळवाव्यात. बाळ येशूला मऊ जुन्या लुगड्याचे बाळोते.

गोठा उसाच्या पाचटाचा करावा, असे मी सुचवले आणि तेथे आत्या अडून बसली. तिची अठरा-वीस वर्षे फडावर गेलेली. पहाटेच्या दवात मोळ्या वाहिल्या, तिचे थोरले पोर कोपीतच जन्मले. ती म्हणाली, “तुमाला पाचट शोभंचं वाटायलंय. आमच्या अंगाला ते वीस वर्सं टोचलंय. सनाच्या दिशी तरी घरात काहीतरी चकाकतं आना की.”

तिचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. साधेपणाची हौस पोट भरलेल्यांना सुचते. ज्याला गोणपाट पांघरावे लागले, त्याला त्याचा रंग सुरेख आहे असे सांगणे म्हणजे मीठ चोळणे. मोठ्या शहरांतील दुकानांत हल्ली गोणपाटाची फुले आणि गवताची तोरणे चांगल्या किमतीला विकतात, तेव्हा मला आत्या आठवते. मी वाद घातला नाही. गोठ्याचे काम दोन दिवस तसेच पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी मुले पाचट रचू लागली आणि ते सारखे कोसळू लागले. आत्या ओसरीवरून बराच वेळ पाहत होती. शेवटी उठली. “अशी उभी राहती व्हय कोपी?” म्हणत तिने बांबूच्या कामट्या वाकवून कमानी रोवल्या, पाचटाच्या पेंढ्या खालून वर एकीवर एक चढवल्या, पाणी आत येऊ नये तशा, आणि वाऱ्याच्या बाजूला दार ठेवले नाही. आत तीन दगडांची चूल मांडली. बाळंतिणीला शेक लागतो, हे आम्हां कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मरियेच्या मागे दोरीवर तिने बोटभर चिंध्या वाळत घातल्या. मग स्वतःच्या पेटीतून जुन्या चोळीची जरीची काठपट्टी काढून बाळाच्या उशाला ठेवली. साऱ्या मातकट रंगांत तेवढीच एक रेघ चमकत होती. ती काढा असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

पणत्या आम्ही गोठ्यापासून हातभर दूर, परातीतल्या वाळूत ठेवतो. पाचट भडकायला ठिणगी पुरते. तीन राजांच्या सणानंतर पऱ्हाटी चुलीत जाते, गव्हाणीतला कडबा शेजारच्या गाईपुढे पडतो, बोंडांच्या चांदण्या डब्यात राहतात. जरीची पट्टी आत्या घडी करून पेटीत ठेवते. पाचटाची कोपी मात्र ती मोडू देत नाही; फडावर गेलेला तिचा मुलगा मार्चअखेर परत येईपर्यंत ती ओसरीच्या कोपऱ्यात तशीच असते.