जॉब कार्डावर लिहिलं नाही, म्हणजे बिघाड नाहीच?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण घरात चारचाकी असेल किंवा यंदा घ्यायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. प्रकरण ग्राहक आयोगात चाललंय, त्यामुळे कमेंटमध्येही कृपया नाव विचारू नका. आणि खरं सांगायचं तर नाव बदललं तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

2024 च्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. ऑन रोड साडेआठ लाखांच्या वर गेली. सौ. शिक्षिका आहे, रोज तीच चालवणार आणि तिच्या डाव्या गुडघ्याचं दुखणं जुनं, म्हणून क्लचची कटकट नसलेली ऑटोमॅटिक घेतली. आपल्याकडे छोट्या गाड्यांत 2014 पासून मिळू लागलेली ही स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणजे मुळात साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या हातापायांऐवजी ॲक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम सोडतो एक छोटा कॉम्प्युटर. थोडा झटका बसणं हा या गाड्यांचा स्वभावच आहे, हे मला घेतानाच माहीत होतं. माझी तक्रार झटक्याची नाही.

दोन हजार किलोमीटर झाल्यावर गाडी चढावर आपोआप न्यूट्रलला जायला लागली. डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकतो, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, चाकाला जोर नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. मग आठ-दहा दिवस काहीच नाही. एकदा गडहिंग्लजहून कोल्हापूरला जाताना तवंदी घाटात हेच झालं. आई मागे बसलेली, पाठीमागे लोड भरलेला ट्रक. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक लावला म्हणून ही पोस्ट लिहायला मी आहे. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. आई काही बोलली नाही, पण तेव्हापासून कोल्हापूरला जायचं म्हटलं की ती विचारते, "एसटीनं जाऊया का?"

आता सर्व्हिसची गोष्ट. आपल्या गावातून शोरूमला जाऊन यायचं म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि एक अख्खा दिवस. सौ.ची रजा, नाहीतर माझ्या बातम्या बुडणार. अशा पाच फेऱ्या झाल्या. या पाच फेऱ्यांची जॉब कार्डं मी परवा समोर मांडून बसलो.

मी सांगितलं होतं, "चढावर गाडी आपोआप न्यूट्रल होते." पहिल्या कार्डावर लिहिलंय: जनरल चेकअप. दुसऱ्यावर: गिअर शिफ्टिंग हार्ड, सॉफ्टवेअर अपडेट, ओके. तिसऱ्यावर: टेस्ट ड्राइव्ह घेतली, नो प्रॉब्लेम फाउंड. चौथ्यावर: कस्टमर एज्युकेटेड. म्हणजे गाडीत बिघाड नाही, बिघाड ग्राहकाच्या डोक्यात होता आणि तो त्यांनी दुरुस्त केला!

टेस्ट ड्राइव्ह कुठे घेतात? शोरूमच्या मागच्या सपाट रस्त्यावर, दोन किलोमीटर. तिथे कशाला बिघाड दिसेल? मी म्हटलं, चला तवंदीला, माझ्या पेट्रोलवर. ॲडव्हायझर म्हणाला, "साहेब, तेवढा टाइम अलाऊड नाही ओ." हा पोरगा आपल्याच भागातला, चोवीस-पंचवीस वर्षांचा. त्याच्यावर माझा राग नाही. गाडी परत देताना तोच हळू आवाजात म्हणतो, "कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा साहेब. नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात." म्हणजे वरपर्यंत जातो तो दहाचा आकडा. माझी तक्रार खालीच राहते.

तुम्ही म्हणाल, कार्डावरच्या दोन शब्दांचं एवढं काय घेऊन बसलास? तर कारण असं आहे. नवी गाडी वारंवार बिघडली तर कंपनीने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असा गाड्यांसाठीचा खास कायदा भारतात नाही. अमेरिकेत असे 'लेमन लॉ' आहेत, 1982 मध्ये कनेक्टिकट राज्यापासून त्यांची सुरुवात झाली. तिथे किती वेळा दुरुस्ती फसली आणि किती दिवस गाडी गॅरेजमध्ये पडून होती, हे मोजतात. आपल्याकडे मदार ग्राहक संरक्षण कायदा 2019 वर. त्यात दोष सिद्ध करायची पाळी बहुतेक वेळा ग्राहकावरच येते. त्यातच वॉरंटीत सुटा भाग बदलून द्यायची अट असेल तर अख्खी गाडी बदलून द्यायला लावणं योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या एका प्रकरणात म्हटलंय. म्हणजे आयोगापुढे उभं राहायचं तर हातात हवं काय? तोच बिघाड, तारखेनिशी, पुन्हा पुन्हा लिहिलेला कागद. आणि तो कागद तयार होतो समोरच्याच्या टेबलावर, समोरच्याच्या शब्दांत.

रिकॉलचंही तेच. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110 अ आलं. एखाद्या मॉडेलमधल्या धोकादायक दोषाबद्दल ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू आहेत. पण 'जनरल चेकअप' ही तक्रार कोण मोजणार?

पाचव्या फेरीनंतर एक गंमत झाली. मी पत्रकार आहे हे तोवर तिथे सांगितलेलं नव्हतं, गाडीवर 'प्रेस'चा स्टिकरही नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी थेट मोठ्या साहेबांचा फोन. "अहो सर, आधी सांगायचं ना! तुमचं आपण वेगळं बघू. ॲक्च्युएटर, क्लच सगळं नवीन बसवतो. फक्त ते कुठं लिहू बिहू नका."

कालपर्यंत गाडीत काहीच प्रॉब्लेम नव्हता. मी पत्रकार निघालो आणि एका रात्रीत गिअरबॉक्स खराब झाला!

मी म्हटलं, बसवा ना, पण जॉब कार्डावर लिहा की तक्रार काय होती आणि कोणता भाग का बदलला. ते म्हणाले, "लिहिण्याचं काय, काम झाल्याशी मतलब." मी म्हटलं, मला लिहिण्याशीच मतलब आहे. त्यानंतर फोन बंद.

घरात यावरून थोडी बोलाचाली झाली. सौ.चं म्हणणं, "फुकट बदलून देत होते, घ्यायचं होतं. रोज मी चालवते ती गाडी." तिचं चूक नाही. पण त्याच आठवड्यात आपल्याच तालुक्यातले एक दूधवाले भेटले. गाडी तीच, मॉडेल तेच, दुखणं तेच. सहा फेऱ्या झाल्या. आणखी एक निवृत्त गुरुजी भेटले, त्यांनी तर गाडी बाहेरगावी न्यायचीच सोडलीय. दोघांच्या कार्डांवर 'ओके'. त्यांना मोठ्या साहेबांचा फोन आलेला नाही, येणारही नाही. माझी गाडी गुपचूप नीट झाली असती तर या दोघांना शोरूममध्ये सांगितलं असतं, "इतर कुणाची अशी तक्रार नाही ओ." आणि कागदावर ते खरंच ठरलं असतं.

आता विचाराल, पेपरात का नाही छापलं? माझी स्वतःची तक्रार पेपरात लावणं मलाच पटत नाही. पण दूधवाल्यांची आणि गुरुजींची बातमी होऊ शकते. ती मी सुचवली. उत्तर आलं, "बघू." तालुक्याच्या पत्रकाराचं गणित बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. आमचं मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. दसरा, दिवाळी, पाडवा आणि वर्धापनदिन, चारही वेळा टार्गेट. आणि पानभर जाहिरात देणारे कोण? सोनार, बिल्डर आणि गाड्यांची शोरूम्स. मी कुणाला दोष देत नाही, त्या कमिशनवर माझंही घर चालतं. पण वाहन उद्योगाच्या विक्रमी विक्रीची बातमी दर पाडव्याला येते आणि सर्व्हिस सेंटरच्या बाकावर दिवस घालवणाऱ्या माणसाची येत नाही, त्यामागे हे गणित आहे, एवढं वाचकांना कळावं.

मी शोरूम आणि कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली होती. पंधरा दिवसांची मुदत संपली, उत्तर नाही. आता जिल्हा आयोगात तक्रार दाखल करतोय. तुमच्यावर वेळ आली तर उपयोगी पडेल असं थोडं सांगतो.

तक्रार आपल्या शब्दांत, मराठीत, दोन प्रतींत लिहून न्या. एका प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घ्या. देत नसतील तर तिथेच उभं राहून ईमेल करा. जॉब कार्डावरची 'ग्राहकाची तक्रार' वाचल्याशिवाय सही करू नका. गाडी घेताना 'समाधानकारक काम झाले'वर सही मागतात, बिघाड तसाच असेल तर सहीखाली 'तक्रार कायम' असं लिहा. मी पाचव्या वेळी लिहिलं, काउंटरवरचा माणूस दोन मिनिटं बघतच राहिला. बिघाड होत असताना सोबतच्या माणसाला डिस्प्लेचा व्हिडिओ काढायला सांगा, चालवणाऱ्याने काढू नये. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार चालते. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना फक्त 200 रुपये. शोरूम कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील लागतोच असं नाही. दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नका. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हेही सांगून ठेवतो.

माझ्या गाडीचं काय होईल ते आयोग ठरवेल. तुम्ही एक करा. घरात कपाटात, नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डात जुनी जॉब कार्डं असतील, ती आज काढून वाचा. तुम्ही सांगितलेलं आणि त्यांनी लिहिलेलं एकच आहे का बघा. नसेल तर इनबॉक्समध्ये फोटो पाठवा. दूधवाले, गुरुजी आणि मी, तिघे झालोत. तिघांची तक्रार 'वैयक्तिक' म्हणून बाजूला टाकता येते, तीसजणांची टाकता येणार नाही.