किशोरीचा आवाज

आचार्य अत्रे म्हटले की पदव्युत्तर वर्गात आपण 'साष्टांग नमस्कार' आणि 'लग्नाची बेडी' यांच्यापाशी थांबतो. पटकथाकार अत्रे अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेरच राहतात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना 'ब्रह्मचारी' (१९३८) दाखवला. हंस पिक्चर्सच्या या बोलपटाचे दिग्दर्शक व नायक मास्टर विनायक, संगीत दादा चांदेकरांचे. ब्रह्मचर्यावरील व्याख्यानाने भारावलेला औदुंबर नटींची चित्रे फेकून देऊन आचार्य चंडीरामांच्या संस्थेत दाखल होतो, आणि किशोरी समोर येताच त्याचे व्रत डळमळू लागते. अत्र्यांनी या व्रताला युक्तिवादाने नव्हे, गाण्याने हरवले आहे. विनोदी संगीतपटाची खरी ताकद आम्हाला येथेच दिसते.

मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावरून तेव्हा गहजब झाला. आजही चित्रपटाचे नाव निघाले की बहुतेकांना तेवढेच आठवते. आमच्याही वर्गात ते गीत लागताच मागच्या बाकांवर खसखस पिकली. एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, "सर, आवाज तरी हिचाच आहे ना?"

तिचाच आहे. आणि हा प्रश्न पोशाखापेक्षा फार मोठा आहे.

जीन केली व स्टॅन्ली डोनन यांचा 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) याच प्रश्नावर उभा आहे. मूकपटातील तारका बोलपटात निभावू शकत नाही, म्हणून पडद्यामागे दुसरीच मुलगी तिच्यासाठी गाते. शेवटी पडदा ओढला जातो आणि खरी गायिका जगासमोर येते. गंमत अशी की, त्या 'खऱ्या' गायिकेच्या भूमिकेतील डेबी रेनॉल्ड्ससाठी, ती उसना आवाज देते त्याच गीतात, बेटी नॉइज गायल्या आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले नाही. आवाजाच्या चोरीची कथा सांगणाऱ्यांनीच हे करावे!

आपल्याकडचा पडदा तरी कोठे वेगळा होता? १९४२ साली दीनानाथ गेल्यावर मंगेशकर कुटुंबाच्या पाठीशी विनायक उभे राहिले. त्याच लता मंगेशकरांच्या 'महल'मधील (१९४९) गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर आधी नाव छापले गेले ते कामिनी, म्हणजे पडद्यावरील पात्राचे. 'ब्रह्मचारी'नंतर अवघ्या अकरा वर्षांत देह एकीचा आणि गळा दुसरीचा ही रीत झाली होती. तंत्राची सोय होती, हे खरेच. पण गाणारी बाई दिसू नये, ही सोयही समाजाला मानवली असावी, असे आम्हाला वाटते.

वर्गात हे सांगताना आम्हाला देऊळघाटच्या आमच्या घरातील थोरल्या आत्या आठवत होत्या. पहाटे जात्यावर त्या इतक्या सुरेल गात की गल्लीतली माणसे जागीच थबकत. ओसरीवर कुणी पुरुष आला की ओवी अर्ध्यावर तुटे, नुसती घरघर उरे. सगळ्या आळीला त्यांचा आवाज ओळखू येई. त्यांना गाताना पाहिलेला पुरुष मात्र घरातलाही कुणी नव्हता. आम्ही तेव्हा लहान, म्हणून तेवढा अपवाद.