गळका नळ आणि चालते घर

प्रवासवर्णनांत नळ गळत नाहीत. डोंगर येतात, नद्या येतात, वाटेत भेटलेले विक्षिप्त इसम येतात. पण लेखक ज्या खोलीत उतरला तेथील तोटीचा वायसर झिजलेला होता काय, हे आपणांस सहसा कळत नाही. जॉन स्टाइनबेक १९६० साली ट्रकवर बांधलेल्या घरातून अमेरिका पाहावयास निघाला आणि त्या गाडीला त्याने दोन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनान्ते, हे नाव दिले, एवढे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्याच गाडीत त्याने झाकणाची बादली लवचीक दोरीने टांगली आणि रस्त्याच्या हेलकाव्यांवर कपडे धुऊन घेतले, ही गोष्ट मात्र 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) शिकवताना राहून जाते. आम्हांस ती बादली घोड्यापेक्षा जवळची वाटू लागली, त्याचे कारण एक नळ.

जुनी कॅम्पर व्हॅन घेऊन आम्ही दोघे आणि लातूरहून आलेली आई असे दक्षिण युटाच्या वाळवंटात हिंडत होतो. दुसऱ्या रात्री आई अंधारात म्हणाली, "अरे, तुमच्या गाडीत कुणीतरी घोरतंय." थोडा वेळ ऐकून तिनेच निदान केले. "नळ ठिबकतोय. पातेलं लाव त्याच्याखाली."

घरात नळ सोडला की पाणी येते. ते कोठून येते हा भूगोलाच्या पेपरातला प्रश्न. चालत्या घरात तो प्रश्न उरतच नाही. बाकाखाली वीस गॅलनची, म्हणजे सुमारे पंचाहत्तर लिटरची टाकी, तिच्यापुढे बारा व्होल्टचा पंप, पंपापासून नळी, नळीच्या टोकाला तोटी, आणि सिंकच्या पोटाखाली सांडपाण्याची दुसरी टाकी. सबंध जलव्यवस्था दोन हातांच्या कवेत मावते. पंपात दाब ओळखणारा एक खटका असतो. नळ्या भरून दाब चढला की पंप थांबतो, तोटी उघडून दाब उतरला की सुरू होतो. तोटी गळकी असेल तर दाब थेंबाथेंबाने उतरत राहतो आणि मध्यरात्री कोणी उठलेले नसतानाही पंप दोन क्षण घरघरतो. आईला घोरणे वाटले ते हेच.

सकाळी आम्ही गळती मोजली. मापाच्या पेल्यात तासाला तीनशे मिलिलिटर जमले. दिवसाचे सात लिटर. दहा दिवसांत अख्खी टाकी. तसे पाहता संकट काहीच नव्हते. पंपाचे बटण बंद केले आणि नळीतला दाब सोडून दिला की ठिबकणे थांबते, आणि टाकी पुढच्या मुक्कामाच्या तळावर भरून मिळते. हे सारे आम्ही आईला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पाणी पिणे कमी केले.

हे आमच्या ध्यानात यायला दीड दिवस गेला. जेवणानंतर ती अर्धाच पेला घेई, हात ओल्या फडक्याला पुसे, आणि पातेल्यातल्या पाण्यात कपबशा विसळी. वय अठ्ठ्याहत्तर, हवा अशी की ओठ तासाभरात फुटावेत. विचारले तर म्हणे, "तहानच नाही रे." एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणले गेले, पहिल्या गाडीच्या दहा टाकी-डब्यांत पाच लाख लिटर होते. आम्ही तेव्हा ती बातमी परदेशात बसून वाचली, तिच्यावर हळहळून बोललोही. आई त्या बातमीच्या आत राहत होती. घरातला शेवटचा तांब्यासुद्धा भरून ठेवण्याची सवय तिला तेव्हापासूनची. तिच्याशी युक्तिवाद करता येत नाही. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये गंगेची कावड खांद्यावरून कोकणात आणल्याचे लिहिले आहे. ते पुण्यासाठी होते, हे खरे. परंतु इतकी वाट पाणी खांद्यावर वाहणाऱ्याला सांडलेला थेंब कसा दिसत असेल, ते आई कळशीकडे पाहते तेव्हा आम्हांस थोडेसे कळते.

तेव्हा नळ बदलायचा ठरला. नुसता वायसर बदलून भागणार नव्हते. तोटी प्लास्टिकची, दोन मुठींची, आणि आतला भाग एकसंध असल्याने त्यात बदलण्याजोगा वायसरच नव्हता. शिवाय विजेरी घेऊन सिंकखाली पाहिले तो तळाचे प्लायवूडही ओलसर लागले. तोटीच्या मानेला केसाएवढी चीर होती. आधीच्या मालकाकडच्या एखाद्या हिवाळ्यात आत राहिलेले पाणी गोठून ती पडली असावी. अशी गाडी इंजिनाने मरत नाही, लाकूड कुजून मरते.

नवा नळ ॲरिझोनातील पेज गावी मिळाला. हे गावच १९५७ साली ग्लेन कॅन्यन धरणाच्या कामगारांसाठी वसले. दुकानातून बाहेर पडल्यावर धरणामागचा लेक पॉवेल आणि त्याच्या तांबड्या कड्यांवरचा पांढरा पट्टा दिसला. पूर्वी पाणी तेथवर होते. कोलोरॅडो नदीचे वाटप १९२२ च्या कराराने झाले. वरच्या आणि खालच्या राज्यांना वर्षाला पंचाहत्तर-पंचाहत्तर लाख एकर-फूट. हिशेबाला धरलेली वर्षे नेमकी भरपूर पावसाची होती, त्यामुळे नदीत नसलेले पाणीही कागदावर वाटले गेले. आईने पट्ट्याकडे पाहून एवढेच विचारले, "ह्यांच्याकडेही टँकर येतात का?"

काम दीड तासाचे. पंप बंद करून तोटी उघडली, नळ्यांतला दाब सोडला. एकाने सिंकखाली पाठीवर पडून प्लास्टिकचे कानवाले नट फिरवायचे, दुसऱ्याने विजेरी धरून सूचना करायच्या, ही वाटणी आमच्या संसाराशी सुसंगतच होती. पाना हा शब्द आम्ही कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. वर्गात 'पान्हा' शिकवतो, तो वेगळा. जुनी रबरी बैठक खरवडून काढली, जागा कोरडी पुसली, नवा नळ बसवला. पाण्याच्या नळ्यांचे जोड हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव वेढा दिला, कारण प्लास्टिकच्या आट्यांना जोर सोसत नाही. मग पंप लावला. तो भरला, थांबला, आणि थांबूनच राहिला.

सिंकखाली कोरडा कागद पसरून आम्ही चाळीस मैल खडबडीत रस्त्याने गेलो, कारण असे जोड उभ्या गाडीत टिकतात आणि हादऱ्यांनी सैल होतात. कागद कोरडा निघाला. आईने स्वतः वाकून तो चाचपून पाहिला, मग तोटीखाली पेला धरून काठोकाठ भरला आणि उभ्या उभ्याच प्यायली. आणखी अर्धा घेतला. जुना नळ टाकून देऊ दिला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवला. लातूरला कोपऱ्यावरच्या नळवाल्याला दाखवायचा आहे म्हणे.