कापूस आणि काजळी

बाबांचा एकच फोटो होता, कृष्णधवल. नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानातून मोठा करून आणला, चकचकीत कागदावर. आईनं ट्यूबलाइटखाली धरला अन् म्हणाली, "तुहे बाबा असे हिरवे कवा होते रे?" सकाळी उन्हात तोच फोटो जांभळट दिसला.

दुसऱ्या दुकानातले छपाईवाले काका हसले. "भाऊ, रंगीत शाया मिसळून करडा केला का असंच होते. काळी अन् करडी शाई अलग पाहिजे, पिगमेंटची. काळ्या शाईत काजळीच असते म्हना, लवकर उडत नाही. अन् कागद घ्या बिनचकाकीचा, कापसाचा."

"कापसाचा?"

"हो, निव्वळ कापसाचा."

मी गप्पच झालो. सावनेरकडच्या आमच्या वावरात बाबांनी जन्मभर कपाशीच केली. भाव कधी मनासारखा मिळाला नाही. कागद महाग होता, तरी घेतला. त्या खरबरीत कागदावर टोपीची सावली, गालावरच्या सुरकुत्या, सगळं जसंच्या तसं उतरलं. ट्यूबलाइटखाली पाहिलं, उन्हात पाहिलं. बाबा बदलले नाहीत.

काकांनी बजावलं होतं, फोटो उन्हात लावू नका. आईला सांगितलं. तिनं आतली सावलीची भिंत दाखवली.

"इथंच लाव," म्हणाली. "उन्हात लय राह्यले ते."