दशमीचें दूध

आमच्या घरांत कोणी गांवाला निघालें, कीं सामानाआधीं शिदोरीची चर्चा सुरू होते. ही रीत जुनी आहे. आगगाडीच्या प्रवासांत बाहेरचें कांहीं तोंडांत घालावयाचें नाहीं, अशा काळीं आमच्या आजेसासूबाई दशम्या बांधून देत. पाण्यांत भिजवलेल्या कणकेची पोळी ओंवळ्यांत मोडे; दुधांत भिजवलेली दशमी मात्र निर्लेप मानली जाई. त्यामुळें प्रवासाचें अन्न म्हणजे दुधाचें अन्न, हें आमच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलें होतें.

त्याला पहिला धक्का दिला माझ्या पुतणीनें. दोन वर्षांपूर्वीं तिनें दूध, दहीं, तूप, मध सारें वर्ज्य केलें. वासराच्या वांट्याचें आपण घेऊं नये, असें तिचें म्हणणें. या आहाराला ‘वीगन’ हें नांव १९४४ सालीं इंग्लंडांत मिळालें. पण विचार आपल्याला अगदींच परका नाहीं. गांधीजींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत दूध सोडलें होतें, आणि पुढें आजारपणांत शेळीचें दूध घ्यावें लागलें याची रुखरुख त्यांना कायमची लागून राहिली. हें सर्व आम्हांला वाचून ठाऊक होतें. परंतु महात्म्याचें व्रत पुस्तकांत वाचणें निराळें आणि घरच्या मुलीनें पानावरची तुपाची वाटी बाजूला सारणें निराळें!

गेल्या वर्षीं ती शिक्षणासाठीं जर्मनीला निघाली. तिच्यासाठीं मीं तेलांत बेसन भाजून लाडू करावयास घेतले. पण ते कांहीं केल्या वळेनात आणि चवहि उतरेना. तेव्हां कोणाला न सांगतां मीं त्यांत चार चमचे साजूक तूप घातलें. ‘एवढ्यानें काय होतें,’ अशी मनाची समजूत घातली. पोंचल्यावर तिचा फोन आला. “काकू, लाडू फार छान होते. तूप न घालतां इतके कसे जमले?” माझ्याच्यानें खोटें बोलवेना. खरें सांगितल्यावर ती क्षणभर थांबली, आणि मग एवढेंच म्हणाली, “मीं आधीं विचारलें नव्हतें, काकू. विचारायची गरज आहे असें वाटलें नव्हतें.”

ती रागावली असती तर बरें झालें असतें.

यंदा गणपतींत ती सुटीला आली. परत निघावयाच्या आदल्या दिवशीं सहज म्हणाली, “या खेपेला माझा डबा मीच भरीन.” आमच्या घरांत आजवर कोणी स्वतःची शिदोरी स्वतः बांधलेली नाहीं. तें वाक्य मला चांगलेंच लागलें. माझ्या सासूबाई आतां शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्या सारें ऐकत होत्या. मुलगी बाहेर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “अगं, तिचें तें सोवळेंच आहे. माझ्या सोवळ्यांत कोणी चोरून हात घातला असता, तर मला चाललें असतें का?” मग त्यांनीं दोन नारळ खवून मागितले, दाट रस काढला, त्यांत गूळ विरघळवून कणीक भिजवली, आणि हंसून म्हणाल्या, “नारळाचें दूध हें दूधच कीं! दशमी निर्लेपच राहिली.”

त्या निमित्तानें आम्हीं विमानाच्या नियमांचाहि अभ्यास केला. हातांतल्या सामानांत शंभर मिलिलिटरहून मोठी पातळ पदार्थांची बाटली चालत नाहीं. म्हणून लोणच्याऐवजीं दाण्याची कोरडी चटणी घेतली. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकटपणामुळें आपोआप तापून पेट घेऊं शकतात, म्हणून विमानांत त्यांना मज्जाव आहे. शिवाय युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ तेथें नेतां येत नाहींत; म्हणजे पेढे आणि तुपाची बरणी आम्ही दिली असती तरी ती जकातीवर अडकली असती! विमानांतल्या जेवणाचीहि एक गंमत कळली. ‘भारतीय शाकाहारी’ ताटांत दहीं किंवा पनीर असूं शकतें; दूधविरहित जेवणाची खूण ‘व्हीजीएमएल’ अशी निराळी असून, बहुतेक कंपन्यांना तें निदान चोवीस तास आधीं कळवावें लागतें.

पहिल्या दिवसासाठीं दशम्या आणि तेलांत तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. त्या पूर्ण निवल्यावरच डब्यांत भरल्या, नाहींतर वाफ धरून लौकर बुरसतात. पुढच्या दिवसांसाठीं भडंग, मेतकूट, तिळाच्या वड्या आणि दाण्यागुळाचे लाडू. यांपैकीं एकाहि जिनसांत आमच्याकडे दूधतूप कधींच पडत नव्हतें, हें इतक्या वर्षांत माझ्या ध्यानांतहि आलें नव्हतें.

शिदोरी बांधणाऱ्यानें आपली आवड बांधावयाची नसते. खाणाऱ्याचा नियम सांभाळावयाचा असतो. ज्यांनीं सोवळें पाळलें, त्यांना हें कोणी शिकवावयास नको होतें.

निघतांना मीं डब्यावर चिठ्ठी लावली; कोणत्या पदार्थांत काय घातलें आहे, तें सर्व तींत लिहिलें. तिनें डबा हातांत घेतला, चिठ्ठीकडे एकदां पाहिलें, आणि ती न वाचतांच डबा पिशवींत ठेवला.