खानदेशचे ऊन आणि तान्हे लेकरू

मे महिना लागला की धुळे-जळगावच्या लेकी माहेरी निघतात. एका हातात पिशवी, काखेत तान्हे लेकरू. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत एस.टी. जळगावला पोहोचते, तोवर खिडकीचा गज हाताला चटका देऊ लागतो. या मुलखात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही.

इथल्या उन्हाची एक खूण आम्ही माताभगिनींना सांगू इच्छितो. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा भिंतीच्या आडोशालाही सावली नसते. ती निंबाखाली, नाही तर छपराखालीच मिळते. म्हणून लेकराला घेऊन प्रवास सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर करावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये. जुन्या लुगड्याचे मऊ, सैल कापड अंगावर असावे. तोंड मात्र झाकून टाकू नये, वारा लागला पाहिजे.

मुडावदला पांझरा तापीला मिळते, चांगदेवला पूर्णा मिळते. अशा संगमांवर आपली कुटुंबे जातात आणि पोरे पाण्यात उतरतात. पाण्यात अंग गार लागते, त्यामुळे ऊन भाजते आहे हे कळत नाही. शिवाय पाण्यावरून परतणारे ऊनही अंगावर येते. अगदी तान्ह्याला नदीत बुडवू नये. मोठ्या बाळाला कोवळ्या उन्हात, काठाच्या उथळ पाण्यात, हातात धरूनच थोडा वेळ खेळवावे. अंगात पूर्ण बाह्यांचे दाट विणीचे झबले असावे. बाहेर काढताच स्वच्छ पाण्याने अंग धुवावे, मान, काखा आणि जांघांच्या वळ्या कोरड्या कराव्यात आणि सुके कपडे घालावेत.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्याने कातडीचे रोग जातात, अशी समजूत आहे. पण बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. आपल्याला सोसणारे पाणी तिला भाजते. पुरळ असेल तर लेकरू झऱ्याखाली नव्हे, दवाखान्यात न्यावे.

“पोर काळं पडेल” ही काळजी घरोघरी ऐकू येते. रंगाची काळजी सोडा, भाजण्याची करा. सावळी कातडीही उन्हाने भाजते, फक्त तिची लाली चटकन दिसत नाही. हात लावून पाहावे: अंग गरम लागते, बाळ हात लावू देत नाही. तेल चोपडल्याने ऊन अडत नाही. ऊन अडवणारे मलम सहा महिन्यांनंतर, उघड्या भागापुरते लावावे; दर दोन तासांनी आणि पाण्यातून निघाल्यावर पुन्हा लावावे लागते. ते परवडले नाही तरी सावली आणि कापड यांचे काम मोठे आहे.

भाजलेच तर गार पाण्याची ओली घडी ठेवावी. हळद, तेल, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत. वर्षाच्या आतले बाळ असेल तर डॉक्टरांना दाखवावे. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरचे पाणी नको, आईचे दूधच वरचेवर पाजावे; पाणी आईने भरपूर प्यावे. बाळ सुस्त पडले, दूध ओढेना, लघवी कमी झाली, अंग तापले, तर माहेरची वाट सोडून जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.