शाळा सुटल्यावर, वेळवंड खोऱ्यात

रविवार, 6 जुलै 2025
आज आषाढी. साबुदाणा भिजत घातला आणि मुलांच्या शाळेनंतरच्या वर्गाचा आठवड्याचा कागद घेऊन बसले. वेळ पाच ते सहा, जागा समाजमंदिर. आधी सहा दिवसांचे सहा विषय मांडले होते. वाचून पाहिले तर गॅदरिंगची कार्यक्रमपत्रिका. रोज नवं दाखवलं की पोरं खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यापेक्षा अख्खा आठवडा पाऊस मोजायचा, बाकीचं त्याच्या अवतीभोवती. लावणीचे दिवस, मोठी मुलं येतीलच असं नाही. विजेचा भरवसा तर धरायचाच नाही.

सोमवार, 7 जुलै
पर्जन्यमापक केले. बाटली सरळ अंगाची हवी. कमरेत बारीक असलेली कोल्ड्रिंकची चालत नाही, रुंदी बदलली की माप चुकतं. वरचा भाग कापला, झाकण काढून उलटा आत बसवला, झालं नरसाळं. बुडाला खळगे असतात, म्हणून आधी खडे आणि थोडं पाणी घातलं, पाण्याच्या पातळीला शून्याची रेघ मारली आणि तिथून वर कागदाची पट्टी चिकटवली. वरून चिकटपट्टी, नाहीतर पहिल्याच सरीत शाई वाहून जायची.
"ताई, मोठ्या बाटलीत जास्त पाऊस पडंल ना?" चौथीतल्या एकाचा प्रश्न. उत्तर दिलं नाही. कुणी लहान नेली, कुणी मोठी. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं, आम्हीही तीच वेळ धरली. शाळेच्या आधी उरकतं.

मंगळवार, 8 जुलै
लहान-मोठ्या बाटल्यांत पाण्याची उंची जवळजवळ सारखी! चौथीतला गडी खट्टू झाला. मग एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे कळल्यावर घराच्या पत्र्यावर किती लिटर पडलं याचा हिशोब करत बसला.
संध्याकाळी काडेपेटीच्या काड्या सायकलच्या वॉलट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या. पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले, तिथे त्यांनी घडवलेला हा खेळ. भोरच्या सायकलवाल्याने माझ्याकडे बघून विचारलं होतं, "एवढी वॉलट्यूब? घरी सायकली तरी किती?" काड्यांचा चौकोन बोट लावताच तिरपा होतो, त्रिकोण हलत नाही. एक मुलगी वर बघायला लागली. समाजमंदिराच्या पत्र्याखालचे लोखंडी अँगल! पुढची दहा मिनिटं सगळ्यांच्या माना वर.

बुधवार, 9 जुलै
हजेरी नगण्य. सावडीने लावणी चालली आहे, पोरं तरव्यातून मुठी पोचवायला गेलेली. मग मीच बांधावर गेले. या खाचरात चारसूत्री पद्धत आहे: दोरीवर 25 आणि 15 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून खुणा, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी. सातवीतल्या पोरीला विचारलं, एका आराला गोळ्या किती लागतील? तिने काडीने चिखलात मांडलं. एका गोळीच्या वाट्याला 40 गुणिले 40 सेंटिमीटर, आर म्हणजे 100 चौरस मीटर. उत्तर 625. तिचे वडील म्हणाले, "मग पिशवी मोजून बघ, दुकानदारानं बरोबर दिल्यात का." गणिताचा असा तास मला समाजमंदिरात घेता आला नसता.

गुरुवार, 10 जुलै
गुरुपौर्णिमा. फुलं आली, नारळही. मी काम दिलं: धरणाआधी खालचं गाव कसं होतं, घरात विचारून नकाशा काढा. भाटघर धरण पुरं झालं 1928 मध्ये, ते पाहिलेलं आता कोण असणार? आज्या सासूकडून ऐकलेलं सांगतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडणारं कांबरेश्वराचं देऊळ मात्र सगळ्यांच्या नकाशात आलं. जो तो आपल्या घराच्या बाजूला ओढून.

शुक्रवार, 11 जुलै
पाऊस, वीज नाही. गोष्टी सांगून वेळ मारून नेली.

शनिवार, 12 जुलै
सकाळची शाळा, त्यामुळे दुपारीच जमलो. आकडे फळ्यावर मांडले आणि भांडण जुंपलं. डोंगराकडच्या वाडीचा पाऊस जास्त, हे अपेक्षितच होतं. पण तिथल्याच दोन घरांत फरक कसा? एकाची बाटली अंगणात मोकळ्यावर, दुसरीची जांभळाखाली. "झाड पाऊस अडवतं," एक गट. "पानांवरनं निथळून जास्तच पडतो," दुसरा. दोघंही हटेनात. सोमवारी त्याच जांभळापाशी चार बाटल्या लावायच्या: एक बुंध्याजवळ, एक पसाऱ्याच्या कडेला, दोन मोकळ्यावर. बाटल्या कुणी आणायच्या यावरून आणखी एक भांडण झालं.